फेब्रुवारी २०२१ च्या त्या आठवड्याबद्दल काका-काकूंना आभाराचे पत्र

ऑस्टिन, टेक्सास

आदरणीय काका आणि काकू यांस,
सादर नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेले की काका लगेच दुसराच विषय काढतात आणि काकू “त्यात काय एवढं” म्हणून मोकळ्या होतात. म्हणून जे सांगायचे आहे ते एकदाचे लिहूनच काढावे, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असे, असे मी ठरवले. पत्र उघड लिहिण्यामागे आणखी एक कारण आहे. त्या फेब्रुवारीत आमच्यावर काय गुदरले हे पुण्या-नाशिकच्या नातेवाइकांना सांगू लागले की अजूनही हमखास एकच प्रश्न येतो : अमेरिकेत बर्फ पडला, त्यात नवल ते काय? मिनेसोटात नोकरीची सगळी वर्षे काढून निवृत्तीनंतर इथे आलेल्या तुम्हा दोघांना हा प्रश्न विचारण्याचा सर्वांत जास्त अधिकार होता, आणि तुम्हीच तो विचारला नाहीत. जे घर थंडीसाठी बांधलेलेच नाही ते थंडीत कुठे कुठे दगा देईल, हे तुम्ही आमच्या आधी ओळखलेत.

ऑस्टिनमध्ये फेब्रुवारीत दुपारचा पारा एरवी १८-१९ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो आणि लोक अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात फिरतात. इथली घरे उन्हाळ्यातल्या चाळिशीच्या उकाड्यासाठी बांधलेली : पाण्याचे पाइप माळ्यावरून नाहीतर बाहेरच्या भिंतींतून फिरवलेले, पुष्कळ घरांत पाणी तापवण्याची टाकीसुद्धा माळ्यावरच, आणि घर उबदार ठेवण्याचे काम कितीतरी ठिकाणी केवळ विजेवर. रस्त्यावरचा बर्फ लोटणाऱ्या गाड्या शहराकडे नसल्यातच जमा, आणि बर्फावर चालणारे टायर तर दुकानातही शोधून सापडायचे नाहीत. अशा ठिकाणी सुमारे ६ इंच बर्फ पडला, पारा उणे १४ अंशांच्या आसपास उतरला, आणि राज्याच्या सर्वच्या सर्व २५४ काउंटींना (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग) एकाच वेळी हिमवादळाचा इशारा दिला गेला, म्हणजे शेजारच्या गावाने धावून यावे म्हणावे तर शेजारचे गावही त्याच अवस्थेत.

रविवारी, १४ फेब्रुवारीला, बर्फाचे कौतुकच चालले होते. दुसऱ्या दिवशी माघी गणेश जयंती असल्यामुळे सासूबाईंनी नैवेद्याचे तिळाचे लाडू रात्रीच वळून ठेवले होते. त्या २०२० च्या सुरुवातीला आमच्याकडे आल्या आणि विमाने बंद झाल्याने इथेच अडकल्या, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सोमवारी पहाटे वीज गेली. नगर जिल्ह्यात बारा-बारा तासांचे भारनियमन काढलेल्या सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, “वेळापत्रक कुठे लागलंय?” वेळापत्रक नव्हते. आळीपाळीने वीज देऊ असे आधी सांगितले गेले होते, पण तुटवडाच इतका पडला की रुग्णालये, अग्निशमन केंद्रे अशा अत्यावश्यक ठिकाणांचे फीडर, म्हणजे त्या त्या भागाला वीज पोहोचवणाऱ्या वाहिन्या, चालू ठेवल्यावर आळीपाळी करायला शिल्लक काही उरलेच नाही. ज्यांची गेली त्यांची गेली आणि ज्यांची राहिली त्यांची राहिली. तुमचे घर नेमके रुग्णालयाच्या फीडरवर होते.

त्या पहाटे पडद्याआड काय चालले होते, हे काकांनी पुढे चौकशीचे अहवाल वाचून मला समजावून सांगितले, आणि नातेवाइकांसाठी ते इथे थोडक्यात लिहिते. गॅसच्या विहिरी आणि वाहिन्या गोठल्या, गॅस न मिळाल्याने आणि स्वतःचीच उपकरणे गोठल्याने वीजकेंद्रे एकामागून एक बंद पडली, पवनचक्क्यांच्या पात्यांवर बर्फ धरला, एका अणुऊर्जा संचातील मापनाची नळी गोठून तोही बंद झाला. आणि टेक्सासचे ग्रिड, म्हणजे विजेचे जाळे, बाकी देशापासून जवळजवळ वेगळे असल्यामुळे शेजारच्या राज्यांकडून पुरेशी वीज घेण्याची सोय नव्हती. इथले ग्रिड ६० हर्ट्झवर चालते, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तने करतो; मागणीच्या मानाने वीज कमी पडली की ही वारंवारता घसरते. त्या पहाटे वारंवारता ५९.४ च्या खाली चार मिनिटांहून जास्त काळ राहिली. ती नऊ मिनिटे तशीच राहिली असती तर उरलेले वीजनिर्मिती संचही आपोआप बंद पडले असते आणि वीज परत यायला कित्येक आठवडे लागू शकले असते. ग्रिड चालवणाऱ्यांच्याच हिशेबाने आपण त्यापासून ४ मिनिटे ३७ सेकंद दूर होतो. ते टाळण्यासाठी २०,००० मेगावॉटपर्यंतचा भार उतरवला गेला, ४५ लाखांहून अधिक घरे आणि आस्थापने अंधारात गेली, आणि त्या गडबडीत गॅस ढकलणाऱ्या काही कॉम्प्रेसरचीही वीज कापली गेली, म्हणजे वीजकेंद्रांना गॅस मिळणे आणखीच अवघड झाले. या शेवटच्या मुद्द्यावर काका अजून संतापतात, आणि त्यांचा संताप योग्यच आहे.

त्या सकाळी मात्र आम्हाला यातले काहीच माहीत नव्हते. फोनची बॅटरी उतरत होती आणि घर गार पडत चालले होते. काका, तुमचा फोन आला तेव्हा तुम्ही “कसे आहात” असे विचारले नाहीत, “घरात आत्ता किती अंश आहे?” असे विचारलेत. मी भिंतीवरचा थर्मामीटर पाहून आकडा सांगितला, तेव्हा तुमचा दुसरा प्रश्न सासूबाईंच्या नेब्युलायझरचा, म्हणजे औषधाची वाफ देणाऱ्या विजेवरच्या यंत्राचा, होता. त्यांचा दमा थंडीत उसळतो हे मी काकूंना कधीतरी गणपतीच्या आरतीनंतर बोलता बोलता सांगितले असेन. ते तुमच्या दोघांच्याही लक्षात राहिले होते, याचे आजही आश्चर्य वाटते. तुम्ही म्हणालात, पिशवी भरा, औषधे वरती ठेवा, मी येतो, तुम्ही स्वतः गाडी काढू नका.

ती ताकीद किती मोलाची होती हे नंतर कळले. त्याच्या आधीच्या गुरुवारी फोर्ट वर्थजवळच्या महामार्गावर, रस्त्यावर धरलेल्या बर्फाच्या पातळ थरामुळे १३३ वाहने एकमेकांवर आदळून सहा जण दगावले होते. तुम्ही तुमच्या जुन्या पिकअप ट्रकच्या मागच्या भागात वाळूची पोती टाकली होती, जेणेकरून मागच्या चाकांवर वजन राहावे, आणि शेजारी मांजरांच्या शौचासाठी मिळणाऱ्या मातीची पिशवी होती. आमच्या वळणावर चाक जागच्या जागी फिरू लागले तेव्हा तुम्ही शांतपणे उतरलात, ती माती दोन्ही चाकांपुढे मूठमूठ पसरलीत आणि पुन्हा येऊन बसलात. मुलांना तो जादूचा प्रयोग वाटला. पायी चालण्याच्या वेगाने आपण तुमच्या घरी पोहोचलो.

काकू, दार उघडणे या गोष्टीचा अर्थ त्या महिन्यात काय होता हे पुढे लोक विसरतील, म्हणून मुद्दाम लिहिते. करोनाची साथ जोरात होती. तुम्ही दोघे पासष्टीच्या पुढचे, आणि वादळामुळे लसीकरण केंद्रेच बंद पडल्याने तुमच्या लशीची ठरलेली तारीख त्याच आठवड्यात रद्द झाली होती. घरात वर्षभर बाहेरचे माणूस न घेतलेल्या तुम्ही आम्हा सगळ्यांना आत घेतलेत. मास्क लावायचे, जेवणे पाळीपाळीने करायची, खोलीची खिडकी बोटभर उघडी ठेवायची, एवढे नियम तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत सांगितलेत आणि त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर काढले नाहीत. किती दिवस राहणार, हेही कधी विचारले नाहीत. नेब्युलायझर लागला, सासूबाईंचा श्वास जरा खाली बसला, तेव्हा तुम्ही त्यांना विचारलेत, “आज गणेश जयंती ना, नैवेद्याचं काय करायचं?” लाडवांचा डबा पिशवीतून निघाला. तुमच्या देवघरासमोर त्या दिवशीची आरती झाली ती सगळ्यांनी मास्क लावून, टाळ्या वाजवत.

संध्याकाळी आमच्या परिचितांच्या एका ग्रुपवर कोणीतरी लिहिले की, मांस भाजायची कोळशाची शेगडी दिवाणखान्यात पेटवली की खोली छान गरम होते. काकांनी तो मजकूर वाचला आणि जेवण अर्धवट ठेवून, ज्यांचा ज्यांचा नंबर होता त्या प्रत्येक घरी फोन लावला. शेगडी घरात आणू नका, गॅरेजमध्ये गाडी चालू करून तिच्यात बसू नका, जनरेटर असेल तर तो दारा-खिडक्यांपासून लांब, बाहेर ठेवा. जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो हे आपण शाळेत शिकलेलो असतो, पण कुडकुडत्या माणसाला ते आठवायला कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये शेकडो लोक याच विषबाधेने रुग्णालयांत पोहोचले. तुमच्या यादीतले कोणी त्यांत नव्हते. ज्यांना वीज नव्हती त्यांना तुम्ही एकच खोली निवडायला सांगितलेत : शक्यतो घराच्या मधली, दाराला गोधड्या टांगलेली, फटीत टॉवेल कोंबलेले, आणि सगळे कुटुंब त्याच खोलीत.

पाइप फुटल्याचे कळले ते शेजाऱ्यांच्या फोनमुळे. आमच्या गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहत येऊन रस्त्यावर गोठत होते. काका आणि माझे पती निघाले, मीही बरोबर गेले. घरात शिरल्यावर स्वयंपाकघराच्या छतातून धार लागलेली दिसली. पण तुम्ही आत थांबला नाहीत, सरळ फुटपाथच्या कडेला गेलात. तिथल्या पाण्याच्या मीटरच्या खड्ड्याचे लोखंडी झाकण बर्फाखाली कुठे आहे, हे आमच्यापैकी कोणालाही सांगता आले नसते. तुम्ही बुटाने बर्फ बाजूला केलात, गुडघ्यावर बसलात, स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटलेत. आत चिखल गोठून दगड झाला होता. थर्मासमधले गरम पाणी त्यावर थोडे थोडे ओतून तुम्ही व्हॉल्व्हचे तोंड मोकळे केलेत आणि टी आकाराची लांब चावी लावून पाव फेरा फिरवलात. धार थांबली. मग आत येऊन सगळे नळ उघडायला सांगितलेत, म्हणजे पाइपांत उरलेले पाणी निघून जावे आणि आणखी कुठे फुटू नये. स्वयंपाकघराचे छत एका जागी पोटासारखे फुगून आले होते. त्याखाली बादली ठेवून तुम्ही त्या फुगवट्याला मधोमध स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडलेत. माझा जीव खालीवर झाला, पण साचलेले पाणी निमूट बादलीत उतरले आणि उरलेले छत वाचले. त्यानंतर कित्येक आठवडे प्लंबर मिळत नव्हते. ज्यांच्या घरी पाणी वेळेवर बंद झाले नाही त्यांच्या भिंती आणि जमिनी उखडाव्या लागल्या. आमचे काम छताचा एक तुकडा बदलण्यावर निभावले.

पुढे पाण्याचेही हाल झाले. हजारो पाइप फुटले, गोठू नयेत म्हणून लोकांनी नळ ठिबकत ठेवले होते, शुद्धीकरण केंद्राची वीज गेली, आणि १७ तारखेला साऱ्या ऑस्टिनला पाणी उकळून प्या अशी सूचना आली ती २३ तारखेपर्यंत राहिली. तुमच्याकडे नळाला जेमतेम करंगळीएवढी धार होती. काकूंनी कुकर, पातेली, इडलीपात्र, मिळेल ते गॅसवर चढवून पाणी खळखळून उकळले, आणि मुले अंगणातला बर्फ बादल्यांत भरून न्हाणीघरात आणत, तो वितळला की फ्लशसाठी वापरला जाई. बादलीभर बर्फाचे पाणी किती थोडे होते हा त्या आठवड्यात सगळ्यांनाच बसलेला धक्का. उकळलेल्या पाण्याचे डबे काकूंनी गल्लीतल्या तीन घरी धाडले. त्यांतले कोणी मराठी नव्हते, कोणाशी तुमची विशेष ओळखही नव्हती. मुगाची खिचडी मात्र आमच्या वाट्याला रोज आली आणि आम्ही ती रोज मागून घेतली.

टेक्सासच्या आरोग्य खात्याने या वादळात गेलेल्यांचा आकडा २४६ असा नोंदवला. त्यांतले बहुसंख्य लोक थंडीने गारठून गेले, आणि कितीतरी जण आपल्या राहत्या घरात. सासूबाईंचे वय आणि त्यांचा दमा लक्षात घेऊन मी तो आकडा वाचते, तेव्हा तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानायचे हे मला खरोखर सुचत नाही, म्हणून जे जे घडले ते क्रमाने लिहिले आहे.

त्यानंतर राज्याने वीजकेंद्रांना थंडीसाठी सज्ज राहण्याची सक्ती करणारा कायदा केला. तरी २०२३ च्या जानेवारीच्या शेवटी बर्फाचा पाऊस होऊन ऑस्टिनमधली ओकची झाडे फांद्यांवर धरलेल्या बर्फाच्या ओझ्याने मोडली आणि तारा तुटल्या, तेव्हा आमच्या गल्लीत पुन्हा अंधार होता. त्या वेळी आमच्या गॅरेजमध्ये टी आकाराची चावी खिळ्याला टांगलेली होती, मीटरच्या झाकणाजवळ खुणेची काठी रोवलेली होती, आणि नुकतेच हैदराबादहून आलेले एक जोडपे तान्ह्या बाळासह आमच्या मधल्या खोलीत झोपायला आले होते. त्यांना मी पहिला प्रश्न विचारला तो काकांचाच : घरात आत्ता किती अंश आहे?

काका, या नोव्हेंबरात आमच्या वसाहतीत नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांना मीटरचा खड्डा आणि व्हॉल्व्ह दाखवायचे आम्ही ठरवले आहे. तुम्ही येऊन ते स्वतः दाखवावे अशी विनंती आहे. शनिवारी सकाळी चालेल का, ते कळवावे. काकू, तुमचा स्टीलचा एक डबा अजून आमच्याकडेच आहे. सासूबाईंनी पुण्याहून मेतकूट पाठवले आहे आणि डबा रिकामा परत करायचा नाही असे बजावले आहे. त्यांनी तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे, आणि दमा सध्या आटोक्यात असल्याचे आवर्जून कळवायला सांगितले आहे.

कळावे, लोभ असावा.

तुमची नम्र,
पलीकडच्या वसाहतीतील एक सून