एसीतला गॅस दरवर्षी संपतोच कसा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर काढली, मशीनचं बेअरिंग जायला आलं की नुसत्या आवाजावरनं दोन दिवस आधी सांगायचो, आणि त्याच माणसाला घरातल्या एसीनं सलग तीन उन्हाळे येडं बनवलं, ते लिहायला बसलोय. मोबाइलवर टाइप करतोय, शुद्धलेखन तुम्ही बघून घ्या.

झालं असं, 2021 च्या पुरानंतर आम्ही खालच्या खोल्या सोडून वर राहायला गेलो. वर स्लॅब नाही, पत्रा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये भट्टीच. पुण्याच्या पोरानं हट्टानं दीड टनाचा स्प्लिट एसी बसवायला लावला. पहिलं वर्ष नाद खुळा. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये चालू केला तर नुसता वारा. मेकॅनिक आला, पाइपला हात लावला न लावला आणि म्हणाला, "काका, गॅस संपलाय." भरला, तीन हजार घेतले, गेला. पुढच्या मार्चमध्ये परत तेच, त्याच्या पुढच्या मार्चमध्ये परत तेच, आणि मी शहाणा गल्लीत सांगत फिरायचो की गाडीला जसं पेट्रोल तसा एसीला दरवर्षी गॅस लागतोच.

लागत नाही साहेब. सौ.नं एका वाक्यात माझी जिरवली, म्हणाली आपला फ्रिज पंधरा वर्षांचा आहे, त्यात कधी गॅस भरलाय का? बंद नळ्यांमधनं तोच गॅस फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो, बाहेर नेऊन सोडतो, परत येतो. तो जळत नाही, झिजत नाही. कमी झाला म्हणजे कुठनंतरी गेला, आणि जिथनं गेला ती जागा तशीच ठेवून वरनं भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

यंदा एप्रिलमध्ये रात्री दोनला जाग आली. कसली तर आवाज बदलत नव्हता म्हणून. आमचा एसी साधा, इन्व्हर्टरवाला नाही, त्यामुळं खोली गार झाली की कॉम्प्रेसर कट होतो आणि थोड्या वेळानं परत घेतो, ते कानाला सवयीचं झालेलं असतं. त्या रात्री तो घेतच होता, घेतच होता, आणि खोली काही गार होईना. बॅटरी घेऊन गॅलरीत गेलो तर आउटडोअरच्या, म्हणजे एसीच्या बाहेरच्या पेटीच्या, बारीक नळीवर पांढरा बर्फ धरलेला. आधी वाटलं वा, काय कूलिंग आहे! मग डोकं चाललं, गारवा खोलीत पाहिजे, तो नळीवर काय करतोय? सकाळी बघितलं तर त्या नळीच्या पितळी नटाखाली काळपट तेलकट डाग, त्यावर धूळ चिकटलेली. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल थोडं थोडं फिरत असतं, गॅस जिथनं बाहेर पडतो तिथनं तेही झिरपतं. तीन वर्षं तो डाग माझ्या नाकासमोर होता.

मेन बंद केला, भांड्याच्या साबणाचा दाट फेस केला आणि दाढीच्या जुन्या ब्रशनं नटाला लावला. दोन मिनिटं काही नाही. मग पहिल्या पावसात खेकड्याच्या बिळातनं निघतात तसे बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, एकाच बाजूनं. सौ.ला हाक मारून दाखवले.

यावेळी दुसऱ्या माणसाला बोलावलं. पोरगा तरुण, पण काम बघत राहावं असं. नळीत उरलेला गॅस आधी काढून घेतला, तोंड कापलं, आतली बर म्हणजे कापल्यावर राहिलेली धारदार कड साफ केली, नवीन फ्लेअर काढली म्हणजे नटात घट्ट बसावं म्हणून नळीचं तोंड फाकवलं, नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का बघितलं, मग पंपानं व्हॅक्यूम मारला म्हणजे आतली सगळी हवा ओढून काढली, आणि शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून आउटडोअरच्या पाटीवर लिहिलाय तेवढाच गॅस सोडला. हे पाटीचं मला ठाऊकच नव्हतं. गॅस कुठला आणि किती किलो ते कंपनीनं तिथंच छापलेलं असतं. आमच्यात आर-32 आहे, हल्लीच्या बऱ्याच एसीत तोच असतो, आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणून काम चालू असताना जवळ विडी-काडी नको असं त्यानं मलाच बजावलं. कापलेला जुना तुकडा मागून घेतला. कड इतकी ओबडधोबड की आमच्या शॉपमध्ये असा जॉब कुणी क्यूसीला, म्हणजे तपासणीला, न्यायचं धाडस केलं नसतं. सीझनच्या घाईत बसवलेला एसी, दुसरं काय.

तो पोरगा जाता जाता म्हणाला, काका, कमी गॅसवर एसी रेटला की कॉम्प्रेसर तापतो, कारण परत येणारा गार गॅसच त्याला थंड ठेवत असतो. कॉम्प्रेसर गेला की हजारांच्या गोष्टी दहा हजारांच्या पुढं जातात.

अर्थात बर्फ धरला की लीकच असं नाही हं. फिल्टर धुळीनं बुजला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, म्हणून पहिल्यांदा जाळी काढून नळाखाली धरायची, ते फुकट आहे. इनडोअरमधनं पाणी गळतंय म्हणजे गॅस गळतोय असंही नाही, बहुतेक वेळा ड्रेनच्या पाइपमध्ये शेवाळाचा लगदा अडकलेला असतो. आउटडोअर नुसता गुणगुणतोय आणि पंखा फिरत नाही, तर कपॅसिटर, म्हणजे मोटरला चालू व्हायला जोर देणारा डबीसारखा भाग, गेलेला असू शकतो, वस्तू तशी स्वस्त, पण स्वतः हात घालू नका, बंद करूनही त्यात करंट साठलेला असतो. कूलिंग मोजायचंच असेल तर साधा थर्मामीटर आधी हवा आत खेचते तिथं धरा, मग बाहेर फेकते तिथं. साधारण 8 ते 12 अंशांचा फरक पाहिजे. आमच्यात त्या दिवशी तीन आला होता.

जळका वास आला किंवा एमसीबी परत परत पडायला लागला तर मात्र मेकॅनिक येईपर्यंत बंद म्हणजे बंद. आमच्याच गल्लीत एका महाभागानं एमसीबी पडतोय म्हणून जास्त अँपिअरचा बसवला, एमसीबी पडायचा थांबला आणि भिंतीतली वायर वितळली. आणि आपल्या कोल्हापूरची खास गोष्ट, पुराची. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 43 फुटांच्या, म्हणजे धोक्याच्या पातळीच्या, वर गेलं की नदीकाठच्या गल्ल्यांत काय होतं ते 2019 ला नि 2021 ला सगळ्यांनी बघितलंय. पाण्यात बुडालेला आउटडोअर वरनं सुकला म्हणून बटण दाबू नका, मेकॅनिकनं मेगर, म्हणजे वायरिंगमधनं करंट गळतोय का ते तपासायचं मीटर, लावून बघितल्याशिवाय नाही.

गिझरचं थोडक्यात सांगतो, पण ते एसीपेक्षा महत्त्वाचं आहे. बोअरचं पाणी असेल तर रॉडवर क्षार चढतो, पाणी तापायला जास्त वेळ लागतो आणि आतनं खदखद आवाज येतो, तिथं लक्ष द्या. नळाला हात लावल्यावर जरासा जरी शॉक बसला तर तो शेवटचा इशारा समजा. आणि गॅस गिझरची ज्योत निळी पाहिजे. पिवळी दिसली की जळण नीट होत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही. माझ्या भाच्याची मुलगी मागच्या थंडीत बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली, कडी लावलेली नव्हती म्हणून वाचली. आधीचे आठ दिवस ती आंघोळीनंतर डोकं दुखतंय म्हणत होती आणि घरातले तिला मोबाइल कमी बघ म्हणत होते. तो गिझर आता बाहेरच्या भिंतीवर आहे.

संपादक साहेब, दर उन्हाळ्यात तुमच्या पेपरात एसीच्या पानभर जाहिराती येतात, त्याच्याबरोबर फेब्रुवारीत एक छोटी चौकट तेवढी छापा, की मेकॅनिक गॅस संपलाय म्हणाला तर पैसे काढायच्या आधी लीक कुठाय ते दाखवायला सांगा. पहिल्या मेकॅनिकचा परवाच फोन आला होता, काका, पावसाळ्याआधी एकदा गॅस चेक करून घेऊ का. म्हटलं ये, चहा घेऊन जा, तुला एक कापलेला तुकडा दाखवायचाय. अजून आलेला नाही.

आपला,
एक निवृत्त टर्नर
मंगळवार पेठ, कोल्हापूर