ओस चर्च आणि भरलेले तेझे

युरोपातील ओस पडणाऱ्या चर्चविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. इंग्लंड-वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०११ साली ५९.३ टक्के होते, २०२१च्या जनगणनेत ते ४६.२ टक्क्यांवर आले. पण त्यावरून तिथली श्रद्धाच आटली, हा निष्कर्ष मला पटत नाही.

फ्रान्समधील तेझे हे खेडे पाहावे. १९४० मध्ये ब्रदर रॉजर तिथे आले आणि व्रतस्थ ख्रिस्ती बंधूंचा समुदाय उभा राहिला. कॅथलिक व प्रॉटेस्टंट बंधू एकत्र राहतात, देणगी घेत नाहीत, स्वतःच्या कष्टावर जगतात. उन्हाळ्यात तिथे हजारो तरुण येतात, तंबूत झोपतात, ताटे विसळतात, संडास धुतात. दिवसातून तीनदा जमिनीवर बसून प्रार्थना होते आणि मध्ये कितीतरी मिनिटे कोणी शब्द काढत नाही. 'मी आणि माझे' हाच मंत्र ऐकत वाढलेली ही मुले! त्यांना सोपा, गोड धर्म नको आहे. आत्मत्याग करून मागे या, हे येशूचे कठीण बोलावणेच त्यांना ओढते. आमच्या वसईतल्या धर्मग्रामांनीही (एकेका चर्चच्या स्थानिक समुदायांनीही) हे ध्यानात घ्यावे, असे मनापासून वाटते. या तरुणांवरही आपण सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, वसई