सूचना : घरी लाँगआर्म क्विल्टिंग शिकण्यापूर्वीची तयारी

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्यापैकी ज्यांनी घरी लाँगआर्म यंत्र (गोधडीचे थर एकत्र शिवण्याचे, फ्रेमवर चालणारे मोठे शिलाई यंत्र) बसवण्याचे ठरवले आहे, त्यांनी यंत्र येण्याआधी खोलीचे माप नीट घ्यावे, ही विनंती. फ्रेम साधारण 10 ते 12 फूट लांब असते आणि हाताने मुक्त नक्षी काढताना पुढून, तर कागदावरचा नमुना गिरवताना मागून उभे राहावे लागते. म्हणून दोन्ही बाजूंना मोकळी जागा हवी.

घरगुती मशीनवर आपण कापड सुईखाली सरकवतो. येथे कापड फ्रेमवर ताणलेले राहते आणि यंत्रच पेन्सिलीसारखे फिरते. त्यामुळे हाताला वळण लागावे म्हणून आतापासून रोज थोडा वेळ कागदावर पेन्सिल न उचलता वेलबुट्ट्या, वळसे आणि पाने काढत राहावीत. माझ्या मते या सरावाइतका उपयोग दुसऱ्या कशाचाही होत नाही.

पहिल्या सरावासाठी साधे मांजरपाट आणि स्वस्त भरण (गोधडीचा मधला मऊ थर) घ्यावे. अस्तर (खालचा थर) व भरण वरच्या थरापेक्षा चारही बाजूंनी किमान 4 इंच मोठे कापावे, अन्यथा कडेला फ्रेमच्या चिमट्यांना जागाच उरत नाही. वरचा आणि बॉबिनचा दोरा वेगवेगळ्या रंगांचा ठेवल्यास ताणातली चूक लगेच दिसते. आजीच्या हातची गोधडी मात्र पहिल्याच दिवशी कृपया फ्रेमवर चढवू नये.