आधी बुश बघा, मग गिअरबॉक्स

संपादक महोदय,

माझी १९८२ ची प्रीमियर पद्मिनी मोटार, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा असलेली. गेल्या पावसाळ्यात कसारा घाटात सेकंड गिअर पडेना. दांडा ताकातल्या रवीसारखा नुसता फिरत होता. नाशकात एका मेकॅनिकने थेट गिअरबॉक्स उतरवायला सांगितला. म्हटलं, आधी वाकून बघू तरी. लिंकेजमधला, म्हणजे दांडा गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सळ्यांमधला, रबरी बुश (सांध्याच्या पिनवर बसणारं कडं) तेल पिऊन फुगला होता, अर्धा तर गळूनच पडलेला.

बाजारात मिळालेला नायलॉनचा बुश पिनवर सैल. पितळी मला पटत नाही. ग्रीस चुकलं की खडखडतो आणि इंजिनची थरथर थेट हातात येते. शेवटी अंबडला लेथवर डेलरिनचा, म्हणजे एका टणक प्लास्टिकचा, करून घेतला. नायलॉन ओल धरून फुगतं, डेलरिन फारसं नाही. माप मात्र झिजलेल्या बुशाचं देऊ नका. पिन आणि भोक व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) मोजा. माझी पिनच एका अंगाने खाल्लेली निघाली, तीही बदलली.

आपल्या वाहनांच्या पानावर नव्या मोटारींचंच कौतुक असतं. महिन्यातून एकदा आमच्या म्हाताऱ्या गाड्यांनाही चार ओळी द्याल का?

– एक पद्मिनीवाला, पंचवटी, नाशिक