रविवारी माहुलीला: बोरू आणि काड्या घेऊन या

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता साताऱ्याजवळच्या संगम माहुलीच्या घाटावर, विश्वेश्वराच्या देवळापाशी चित्रं काढायला भेटू. पेन्सिल आणि खोडरबर घरीच ठेवा. या वेळी फक्त शाई, आणि रेघ ओढायला हाताला लागेल ती काडी.

बोरू, म्हणजे टोक कापलेली पोकळ काडीची लेखणी, असेल तर उत्तमच. टोक तिरकं कापलं की जाड-बारीक दोन्ही रेघा मिळतात. नसेल तर नारळाचा हीर, गळालेलं पीस, बाभळीचा काटा. कडुनिंबाची काडी दातणासारखी चावून आणा, छान कुंचला होतो. काडी शाई फार धरत नाही, रेघ मध्येच कोरडी पडते. घाटाच्या झिजलेल्या काळ्या दगडाला तीच रेघ शोभते, म्हणून लगेच पुन्हा बुडवायची घाई करू नका.

कागद जाड हवा, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) पुढचा. वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात भरू नका, पेन तुंबतं.

कळकळीची विनंती: जिवंत फांदी तोडू नका, खाली पडलेलंच उचला. शाईचं पाणी कृष्णेत किंवा वेण्णेत ओतायचं नाही. रिकामी बाटली आणा आणि ते घरी परत न्या.

१० वाजता सगळ्यांची चित्रं पायऱ्यांवर मांडून पाहू.