आपल्या आळीच्या घाटासाठी चुना, गोणपाटे आणि हात हवेत : आवाहन

समस्त वाईकर बंधू-भगिनी, माहेरवाशिणी आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आपलीच मंडळी, सप्रेम नमस्कार.

घाटाचे काम समितीने हाती घेतल्याचे आपणांस ठाऊक आहेच. २०१६ साली गुरू कन्या राशीत आला आणि आपण कन्यागताचे पर्व साजरे केले. गुरू कन्येत आला की गंगा कृष्णामाईच्या भेटीला येते, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा. बारा वर्षांच्या हिशेबाने ती २०२८ साली पुन्हा येणार. तेव्हा तिने कोणत्या पायरीवर पाऊल ठेवायचे?

आपले गाव दात्यांचे आहे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्या माहेरवाशीण, आणि त्या घराण्याने गावाला किती दिले! आनंदराव भिकाजी रास्ते यांनी १७५७ साली काशीविश्वेश्वर बांधला, गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली ढोल्या गणपती, पुढे १७७८ साली आनंदरावांनीच महालक्ष्मी. गणपतीच्या देवळाची पाठ माशासारखी निमुळती ठेवली आहे. पुराचा लोंढा तिच्यावर फुटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. अडीचशेहून अधिक पावसाळे ती दगड-चुन्याची भिंत हे काम करते आहे. नदीकाठी बांधायचे कसे, हे त्या लोकांना कळत होते.

अलीकडच्या दात्यांनाही विसरून चालणार नाही. गेल्या टप्प्यात ज्यांनी स्वतःच्या ट्रॅक्टरने गाळ वाहून नेला, डिझेलचेही पैसे घेतले नाहीत. ज्या काकूंनी नाव छापू नका असे बजावून आपल्या पेन्शनमधून पाथरवटांची पंधरा दिवसांची मजुरी दिली. जी शाळकरी मुले कृष्णाबाईच्या उत्सवाआधी सलग चार रविवार निर्माल्य वेचत होती, त्या सर्वांचे ऋण समितीवर आहे. त्यांच्या जिवावरच वरच्या पायऱ्या आज जागेवर आहेत.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे, ती लिहितो. पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने मेणवलीला नेतो, चिमाजीअप्पांच्या विजयानंतर वसईहून आलेली घंटा दाखवतो. सिनेमात आपला घाट उत्तरेतला म्हणून दिसला तरी आपण ओळखतो आणि शेजाऱ्याला सांगतो. ही विराटनगरी, इथे भीमाने कीचक मारला, असे अभिमानाने म्हणतो. पण मागच्या आवाहनानंतर बोलावलेल्या बैठकीला सतरंजी रिकामीच राहिली.

आता कामाचे. खालच्या सात पायऱ्या, साठ फूट लांबीत, आतून पोकळ झाल्या आहेत. खात्री करायची असेल तर हातोडी घेऊन या. भरीव बैठकीवरचा दगड ‘टण्ण’ वाजतो, पोकळीवरचा ‘बद’ वाजतो. तिसऱ्या पायरीवर उंबराच्या रोपाशेजारी ठोकून पाहा.

हे झाले सिमेंटमुळे. मागे कधीतरी कुणी सद्‌हेतूनेच सांध्यांत सिमेंट भरले. पूर चढताना पाणी पायऱ्यांमागच्या भरावात शिरते आणि पूर ओसरला की ते बाहेर पडावे लागते. चुन्याचा सांधा पाणी झिरपू देतो, सिमेंटचा अडवून धरतो. नदी दोन दिवसांत उतरते, भरावातले पाणी मात्र मागे तुंबते आणि मिळेल त्या फटीतून माती घेऊन निघते. वरून सांधे चकचकीत, खाली दगडाला आधारच नाही. शिवाय सिमेंट दगडाला घट्ट धरते, त्यामुळे ते काढताना दगडाच्या कडाही उडतात. म्हणून ग्राइंडर लावायचा नाही. छिन्नी आणि लाकडी मोगरी, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोलीपर्यंत.

उंबर-पिंपळाची रोपे कृपया ओढून काढू नका. वरचा शेंडा हातात येतो, मूळ आत राहते आणि पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटते. दगडांवर क्रमांक घालून, दगड उचलून, मूळ पूर्ण काढून तोच दगड त्याच जागी बसवायचा, एवढाच मार्ग आहे. रीतसर परवानगीखेरीज एकही दगड हलणार नाही. फुटलेल्या दगडाच्या जागी टाकीने घडवलेला काळा पाषाणच बसेल. गुळगुळीत फरशी नको, ओल्या पायाने माणूस घसरतो.

चुना बाजारातून पिशवीत आणून चालत नाही. चुन्याची कळी (भट्टीत भाजलेली, अजून न विरवलेली चुनखडी) आणून खड्ड्यातल्या पाण्यात विरवायची (कळीवर पाणी ओतायचे नाही, उसळून डोळ्यांत जाते), चाळून किमान तीन आठवडे चार बोटे पाण्याखाली मुरवायची. मग एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटेची पूड), दोन भाग धुतलेली जाड वाळू चुन्याच्या घाण्यात मळायची. सुरखी वगळली तर नदीकाठच्या ओलीत चुना धरतच नाही. सुरखी चांगल्या भाजलेल्या विटेचीच हवी, कच्च्या विटेची निव्वळ माती होते. भरलेल्या सांध्यांवर पंधरा दिवस ओली गोणपाटे लागतात. उन्हात एक दिवस जरी सुकले तरी सांध्याला केसासारख्या भेगा पडतात आणि पहिल्याच पुरात चुना निघून जातो. म्हणून भरणी अक्षय्य तृतीयेच्या आसपास संपलीच पाहिजे, आणि कळी महाशिवरात्रीपर्यंत खड्ड्यात पडली पाहिजे. धोम धरणाचे पाणी सुटले की खालच्या दोन पायऱ्या बुडतात, तेवढे दिवस हातचे जातात ते वेगळेच.

लागणारे सामान : कळी ३५ पोती (२० किलोची), सुरखी अर्धा ब्रास, वाळू एक ब्रास, तागाची गोणपाटे १५० (प्लॅस्टिकची नकोत), घमेली २०, चाळण्या ४. पाथरवट तिघे, मजुरी रोजची रोज. श्रमदान दर रविवारी सकाळी ७ ते १०, देवळासमोर जमावे. गाळ काढणे, पाणी वाहणे, गोणपाटे भिजवणे. लहान मुलांना चुन्याच्या खड्ड्याजवळ आणू नये. देणगी शक्यतो धनादेशाने, पावती जागेवर मिळेल. खाते क्रमांक व खर्चाचा हिशेब घाटावरच्या फलकावर. बाहेरगावच्यांनी घरच्यांमार्फत पाठवावी.

आपले नम्र,
चिटणीस व सर्व सभासद

ता. क. : सिमेंटची पोती कृपया कुणीही पाठवू नयेत. ज्यांनी देऊ केली आहेत त्यांनी त्याच रकमेची सुरखी द्यावी, ही विनंती.