गस्तीच्या पोरांना आधी नोंदवही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चोऱ्यांचा हंगाम आला की ग्रामीण पानावर एक फोटो हमखास येतो. देवळापुढे चाळीसेक तरुण, हातात काठ्या आणि बॅटऱ्या, खाली ‘गावकरी सज्ज’ अशी ओळ. मग कुठे अनोळखी माणसाला मारहाण झाली की आठवड्याभरात तीच पोरे बातमीत ‘संतप्त जमाव’ होतात. या दोन बातम्यांच्या मधे गस्त नावाचे जे काम असते, ते मात्र छापून येत नाही.

आधी नावांची खिचडी निवडू. होमगार्ड म्हणजे गृहरक्षक दल. ते ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात मोरारजी देसाई गृहमंत्री असताना उभे राहिले. त्याला स्वतंत्र कायदा आहे, गणवेश आहे, कवायत आहे. नेमणुकीच्या दिवसाचा भत्ता २०२४ मध्ये ५७० रुपयांवरून १०८३ झाला. ग्रामरक्षक दल म्हणजे अवैध दारू रोखण्यासाठी दारूबंदी कायद्यात २०१६ साली केलेल्या दुरुस्तीतले. अण्णा हजारे यांनी ज्याचा आग्रह धरला होता ते हेच. रात्री गस्त घालणारे ग्राम सुरक्षा दल तिसरे. त्याचा आधार महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ६३-ब मध्ये आहे आणि ते स्थापण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकांचा. सरपंचाने चावडीवर बारा नावे वाचून दाखवली, टाळ्या पडल्या, एवढ्याने दल होत नाही. सदस्यांची यादी ठाण्यात गेली पाहिजे आणि ज्याच्या त्याच्या खिशात ओळखपत्र आले पाहिजे. यादीच नसेल, तर मारहाणीनंतर ‘आम्ही दलाचे’ म्हणायला अख्खे गाव मोकळे असते.

आता प्रत्यक्ष काम. तीन हजार वस्तीच्या गावाला एका रात्री आठ माणसे पुरतात: अकरा ते दोन चार, दोन ते पाच चार. प्रत्येक पाळीत दोघे गावठाणात, दोघे मळ्यांच्या रस्त्याला. एकाच्या वाट्याला आठवड्यातून एकच रात्र यावी, म्हणजे यादीत किमान छप्पन्न नावे हवीत. इथेच पहिली गफलत होते. पहिल्या रात्री उत्साहाने चाळीस जण फिरतात, तिसऱ्या आठवड्यात चार उरतात आणि ते चारही पारावर मोबाईल बघत बसतात. चोराला हे गावापेक्षा लवकर कळते. म्हणून पाळीचा कागद महिनाभर आधी पोलीस पाटलांकडे लागलेला असावा आणि गैरहजेरी लाल शाईने दिसावी.

सामान थोडे लागते. माणशी एक बॅटरी, एक शिट्टी, चकाकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणि सगळ्यांत मिळून दोनशे पानी वही. काठी ठेवा, कुत्र्यांसाठी ती लागतेच. कोयता, कुऱ्हाड, गज मात्र पाळीवर येता कामा नये. अंधारात घाबरलेल्या माणसाच्या हातात जे असते ते चालते, आणि कोयता चालला की तो मागे घेता येत नाही. शिट्टीचे संकेत दोनच ठेवा: एक लांब म्हणजे इकडे या, तीन तुटक म्हणजे सगळे उठा. पाच-सहा संकेत ठरवणाऱ्या गावांना ऐन वेळी एकही आठवत नाही.

वहीत वेळ, ठिकाण, गाडीचा नंबर आणि काय दिसले, एवढेच लिहायचे. ‘१.४०, ओढ्याचा पूल, पांढरा पिकअप, नंबर अमुक, कांदा भरलेला, चालकाशी बोललो, सोडला.’ चोरीचा तपास अशाच ओळीवरून पुढे सरकतो. बीट अंमलदाराने, म्हणजे ठाण्यातल्या आपल्या भागाच्या पोलिसाने, आठवड्यातून एकदा वहीवर सही केली पाहिजे. ती होत नसेल तर वही पंधरा दिवसांत बंद पडते, हे लिहून ठेवा.

सर्वांत मोठी चूक माणूस ओळखण्यात होते. शेतीपंपाची थ्री फेज लाईट रात्रीची असली की निम्मा गाव दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, शिवारात असतो. कपाळाला बॅटरी, अंगावर घोंगडे, खांद्यावर खोरे. लांबून तो चोरासारखाच दिसतो. त्यामुळे कोणत्या फिडरला, म्हणजे वीजवाहिनीला, कोणत्या रात्री लाईट आहे हे गस्तवाल्यांना पाठ हवे. तसेच पालांवर उतरलेली कुटुंबे, मेंढपाळांचे वाडे, ऊसतोडीच्या टोळ्या. पाल पडले त्याच दिवशी उजेडी पोलीस पाटलांनी जाऊन नावे, गाव, किती दिवस मुक्काम हे वहीत घ्यावे. मग रात्री कुणी ‘ते कोण?’ म्हटले तर उत्तर वहीत असते.

हे न झाल्यावर काय होते ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवण्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना भरदिवसा ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधल्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक. तिथे चोर येतात या अफवेने आसपास रात्रीचे पहारे बसले होते, आणि पोलीस पोचल्यावरही जमाव आवरला नाही. पहारा आणि जमाव यांतले अंतर एका फॉरवर्ड केलेल्या व्हिडिओइतकेच असते. गस्तीचा ग्रुप वेगळा काढा, त्यात फक्त त्या दिवसाच्या पाळीची माणसे ठेवा आणि व्हिडिओ टाकायला बंदी करा.

संशयित सापडला तर? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला किंवा फरारी घोषित झालेल्याला साधा नागरिकही पकडू शकतो. पण विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. ‘नुसता संशय’ या कलमात बसत नाही. तिथे गाडीचा नंबर टिपायचा, पोलीस मदतीचा ११२ लावायचा आणि लांबून नजर ठेवायची. ११२ ला गावाच्या नावावर थांबू नका, कोणत्या रस्त्याने आत वळायचे तेही सांगा. एकाच नावाच्या वस्त्या तालुक्यात तीन-तीन असतात. धरलेल्याला चावडीत कोंडू नये, उजेडात चारचौघांसमोर बसवावे आणि शिट्टी पुन्हा वाजवू नये. दुसऱ्या शिट्टीला येणारे लोक झोपेतून, रागात आणि काहीही माहीत नसताना येतात.

‘पोरांना बंदुका द्या’ म्हणणाऱ्यांनी गडचिरोलीच्या पलीकडे पाहावे. छत्तीसगडमध्ये सलवा जुडूम या नक्षलवाद्यांविरुद्धच्या मोहिमेच्या काळात जेमतेम पाचवी शिकलेल्या आदिवासी तरुणांना महिना तीन हजारांवर ‘विशेष पोलीस अधिकारी’ करून शस्त्रे दिली गेली. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी ते घटनाबाह्य ठरवले आणि शस्त्रे परत घ्यायला लावली. पण तोवर त्या मुलांना ना पोलीस आपले मानत होते ना गाव.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी गस्तीची बातमी करताना यादी ठाण्यात दिली आहे का आणि वहीवर शेवटची सही कोणत्या तारखेची आहे, हे विचारून छापा. फोटो उद्घाटनाच्या रात्रीचा नको. तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेतीनला या, आणि तेव्हा जे रस्त्यावर सापडतील त्यांचा काढा.

आपला,
एक माजी पोलीस पाटील, जि. पुणे